साठ हजारांची पुडी आणि माझी साखर

जानेवारी २०२४. सोलापुरात होम मैदानावरची गड्डा यात्रा बघून आम्ही घरी आलो आणि जिना चढताना तिसऱ्या पायरीवर मला थांबावं लागलं. मांड्या भरून आल्या होत्या. दिवसभर उभं राहिल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यात देवासमोर खाली बसले, तर उठताना जमिनीला हात टेकावा लागला. माझं वय तेव्हा ४७ होतं. एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काउंटरच्या काचेआड बसायचं, घरी येऊन स्वयंपाक करायचा, आणि दमणूक वयावर ढकलायची, असं बरेच दिवस चाललं होतं.

तपासणी करून घ्यायला मला भीती वाटत होती. आईला एकवीस वर्षं साखर होती. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं आणि तिला घेऊन जाणारी मीच होते. त्या खोलीतल्या मशीनचा आवाज अजून कानात आहे. आपलाही रिपोर्ट तसाच आला तर, या धास्तीने मी तीन वर्षं रक्त दिलं नव्हतं. शेवटी नवऱ्याने १० फेब्रुवारीची वेळ घेऊन टाकली. दुसरा शनिवार, मला सुट्टी. मार्चअखेरचं काम एकदा अंगावर आलं की एप्रिलपर्यंत सवड मिळत नाही, हेही खरं होतं.

फुल बॉडी पॅकेज १,९९९ रुपयांचं होतं. आदल्या रात्री साडेआठनंतर काही खाल्लं नव्हतं, फक्त पाणी. सकाळी साडेसातला पहिलं रक्त दिलं. मग नाश्ता करून बरोबर दोन तासांनी दुसरं. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, शेवटच्या घासापासून नव्हे. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी खाणं संपल्यावर घड्याळ लावलं होतं. तिथल्या मुलीने विचारलं नसतं तर त्यांचं रक्त वीस मिनिटं उशिरा गेलं असतं.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला. सतरा पानं. लाल अक्षरांत आलेले आकडे मी कॅलेंडरच्या मागे लिहून काढले: उपाशीपोटी साखर १०८, जेवणानंतरची १५१, एचबीएवनसी ६.३, हिमोग्लोबिन ९.४ आणि व्हिटॅमिन डी ८.६.

एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढं आईमुळे माहीत होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ झालं की मधुमेह. मी उंबरठ्याच्या आतल्या बाजूला येऊन पोचले होते. डी २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात, आणि माझं दोन आकडीही नव्हतं. हिमोग्लोबिनकडे मी लक्षच दिलं नाही. बायकांचं कमी असतंच, असं समजून पुढे गेले.

त्या रात्री झोप लागली नाही. मोबाईलवर शोधत बसले तर एकामागून एक व्हिडिओ येत गेले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की डी कमी आहे म्हणून साखर वाढते, डी भरून काढा, साखर आपोआप खाली येईल. घाबरलेल्या माणसाला असं एखादं सोपं कारण सापडलं की किती हायसं वाटतं, हे मी त्या रात्री अनुभवलं. माझ्या मनात गणित पक्कं झालं होतं. साखरेचं मूळ सापडलं, आता औषध घ्यायचं आणि सुटायचं.

सोमवारी ऑफिसला जाता जाता मेडिकलमध्ये थांबले आणि रिपोर्ट दाखवला. त्यांनी साठ हजार युनिटच्या चार पुड्या दिल्या, १४० रुपयांच्या. कागदी पाकिटावर पेनाने लिहून दिलं, १-०-०. सकाळी एक. रात्री घरी आल्यावर पहिली पुडी कोमट दुधात ढवळली. पांढरे बारीक दाणे, थोडे गोडसर, चमच्याला चिकटून राहणारे. मंगळवारी दुसरी घेतली, बुधवारी तिसरी. चौथी गुरुवारी सकाळी घेणार होते, पण बुधवारी रात्री लेकीचा फोन आला. ती पुण्यात डी. फार्म. करते. सहज सांगितलं की रोज एक पुडी घेतेय. ती एकदम ओरडली, "आई, रोज? ती आठवड्याला एक घ्यायची असते!"

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. बारीक अक्षरांत ६०,००० आय. यू. लिहिलेलं होतं, पण म्हणजे किती, हे मला कुठे माहीत होतं? लेकीने समजावलं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट डी लागतं. एका पुडीत त्याच्या शंभरपट असतं. आठवड्याला एक घेतली तरी दिवसाला साडेआठ हजारांच्या वर जातं, म्हणून ती ठरावीक आठवडेच घ्यायची. डी चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आहे. जास्त झालं तर लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगात साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, तहान लागते, मूतखडा होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंड हा शब्द ऐकल्यावर मला आईच आठवली.

ज्यांच्या घरात ही पुडी आहे त्यांनी पाकिटावर स्वतःच्या हाताने "रविवार" असं लिहून ठेवा. एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

डॉक्टर मॅडमची वेळ २१ तारखेची मिळाली. १९ ला शिवजयंतीची सुट्टी होती. फी ४०० रुपये, आठ दिवसांत पुन्हा दाखवलं तर माफ. माझा नंबर २३ होता. साडेसहाला गेले ती पावणेनऊला आत गेले. जाताना तीन वर्षांपूर्वीचे रिपोर्टही नेले होते आणि त्याचा उपयोग झाला.

मॅडमनी सतरा पानं चाळली आणि साखरेचं पान सोडून पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "ताई, साखर नंतर बघू. पाळी किती दिवस जाते?"

मी म्हटलं, आठ-नऊ दिवस. वर्षभर झालं.

"आणि हे तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही?"

खरंच वाटलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. एचबीएवनसीत मोजतात ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ती तीन महिन्यांची हकीकत सांगते. पण अंगात लोह कमी असलं तर हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा वर दिसू शकतो. म्हणजे माझ्या ६.३ मधला काही भाग साखरेचा नसून रक्त कमी असल्याचा असू शकत होता. किती, ते रक्त भरून आल्याशिवाय कळणार नव्हतं.

तीन पुड्यांचं सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की तुमची पातळी इतकी खाली होती की तीन पुड्यांनी धोका व्हायचा नाही, पण कॅल्शियम तपासून घेऊ, आणि पुढची पुडी मी सांगेन तेव्हाच. अख्खा डबा संपवणारी माणसंही त्यांच्याकडे येतात, असं त्या म्हणाल्या.

मी तोच प्रश्न विचारला, ज्यासाठी गेले होते. "मॅडम, डी भरून आलं की साखर उतरेल ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर अजून सात-आठ पेशंट होते, तरी त्या दहा मिनिटं बोलल्या. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्यांच्यात डी साठी जागा असतात, आणि इन्सुलिन बाहेर सोडायला त्या पेशींना कॅल्शियम लागतं. त्यामुळे डी चा आणि साखरेचा संबंध असावा, ही कल्पना हवेतली नाही. साखर असलेल्या पुष्कळ लोकांचं डी कमी असतं, हेही खरं. पण वजन जास्त असलं की डी चरबीत अडकून रक्तात कमी दिसतं, आणि जो माणूस घराबाहेर पडत नाही, चालत नाही, त्याला ऊनही मिळत नाही आणि त्याची साखरही वाढते. दोन गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून एकीने दुसरीला आणलं असं होत नाही.

मग त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचं सांगितलं. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. उंबरठ्यावरची २,४२३ माणसं. निम्म्यांना रोज ४,००० युनिट डी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. साधारण अडीच वर्षं लक्ष ठेवलं. डी घेणाऱ्या १,२११ पैकी २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्या १,२१२ पैकी ३२३ जणांना. शंभरात चोवीस आणि सत्तावीस. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असंच हिशेबानंतर म्हणावं लागलं. मात्र त्या लोकांपैकी बहुतेकांचं डी मुळात बरं होतं. ज्यांचं १२ च्या खाली होतं अशा थोड्यांमध्ये फरक जास्त दिसला, पण ते इतके थोडे होते की त्यावरून ठाम काही सांगता येत नाही.

"तुमचं ८.६ आहे," मॅडम म्हणाल्या, "तेव्हा डी तुम्ही घ्यायचंच. हाडांसाठी, स्नायूंसाठी. साखरेला थोडा हात लागला तर चांगलंच. पण साखरेचं औषध म्हणून घेऊ नका. तसं घेतलंत तर चालायला जाणार नाही."

शेवटचं वाक्य अगदी माझ्यासाठीच होतं. पुडी घेतल्यापासून मी स्वतःला रात्रीच्या जेवणानंतर गोड खायची सूट दिली होती, आणि हे त्यांना मी सांगितलंही नव्हतं.

२४ फेब्रुवारीला चौथ्या शनिवारी पुन्हा रक्त. फेरिटिन, कॅल्शियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी, मिळून १,४५० रुपये. त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाच मिनिटांत प्यायचं असतं. घशाशी येतं. लॅबच्या मुलीने लिंबू पिळून दिलं म्हणून उतरलं. नंतर दोन तास तिथेच बसायचं, फिरायचं नाही, चहा नाही. पुस्तक किंवा विणकाम घेऊन जा. मी काहीच नेलं नव्हतं आणि समोरच्या भिंतीवरचं दरपत्रक दहा वेळा वाचलं.

त्या दरपत्रकामुळे एक कळलं. व्हिटॅमिन डी एकट्याची तपासणी तिथे १,४०० ला होती. मी नंतर सोलापुरातच आणखी दोन ठिकाणी फोन करून विचारलं. एके ठिकाणी ८००, एके ठिकाणी १,१००. तेव्हा विचारून जा. पण एकदा लॅब ठरवली की पुढच्या तपासण्या तिथेच करा, नाहीतर दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करत बसायची वेळ येते.

फेरिटिन ६ आलं, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. कॅल्शियम ९.४, व्यवस्थित. ते वाचून छातीवरचं ओझं उतरलं. ग्लुकोजच्या तपासणीत उपाशीपोटी १०६, दोन तासांनी १६२. १४० ते १९९ म्हणजे उंबरठाच. थोडक्यात, उंबरठा खरा होता. एचबीएवनसीने तो जरा जास्तच मोठा करून दाखवला असावा, इतकंच.

मॅडमनी वेळापत्रक लिहून दिलं. लोहाची गोळी रोज सकाळी, लिंबूपाण्याबरोबर, चहा-दुधापासून दोन तास लांब. डी ची पुडी १० मार्चपासून दर रविवारी, आणखी पाच. म्हणजे एकूण आठ. पुढे महिन्याला एक. डी रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, जेवणात थोडं तेल-तूप असलं की ते नीट अंगी लागतं. आमच्याकडे रविवारी दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी आणि वर दही असतंच. त्याच जेवणानंतर पुडी असं ठरवून टाकलं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. फी ५००, सोनोग्राफी १,२००. लहानशी गाठ निघाली, गोळ्यांवर भागलं.

आणि चालायचं. आठवड्याला दीडशे मिनिटं.

इथे मी प्रामाणिकपणे लिहिते. पुड्या आणि गोळ्या मी एकदाही चुकवल्या नाहीत. ३१ मार्चला वर्षअखेर होती. कॅशमध्ये चाळीस रुपयांचा फरक येत होता, तो सापडेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. घरी येऊन उशिराच्या जेवणावर पुडी घेतली. पाडव्याच्या दोन दिवस आधी, ७ एप्रिलला, आठवी संपली. चालणं मात्र झालं नाही. मार्चअखेर, मग लग्नसराई, मग ऊन. सोलापूरचं एप्रिल-मे ज्याने काढलंय त्याला सांगायला नको. पारा बेचाळीसच्या वर गेला की संध्याकाळी सातलाही रस्त्यातून वाफा येतात.

सगळे विचारायचे, सोलापूरसारख्या गावात राहून तुला डी कमी कसं? मी स्वतःकडे नीट पाहिलं. सकाळी साडेनऊला स्कूटीवर बसताना मी डोक्याला स्कार्फ गुंडाळते, वर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, हातात बोटांपर्यंतचे मोजे. ऊन लागायला जागाच उरत नाही. दहा ते सहा काचेआड. काचेतून येणारं ऊन अंगावर पडलं तरी त्यातले डी बनवणारे किरण काच अडवते. अंगावर डी तयार व्हायला ऊन लागतं ते साधारण दहा ते तीनमधलं, सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते त्या वेळचं. सावळ्या कातडीला ते जास्त वेळ लागतं. मार्चमध्ये मी दोन दिवस साडेअकराला ऑफिसच्या गच्चीवर वीस मिनिटं उभी राहिले. दोन्ही दिवस डोकं धरलं. तो नाद सोडला आणि हिवाळ्यावर ठेवला.

मेच्या मध्यापर्यंत एक बदल मात्र जाणवला. जिना चढताना थांबावं लागत नव्हतं. जमिनीवरून हात न टेकता उठता येत होतं. तो डी चा गुण की लोहाचा, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच चालू होते.

८ जूनला दुसरी फेरी. खर्च २,१००. डी ३४. हिमोग्लोबिन ११.९. एचबीएवनसी ५.९!

मी रिपोर्ट हातात घेऊन लॅबच्या पायरीवरच लेकीला फोन लावला. ६.३ वरून ५.९, चालणं नाही, वजन फक्त सहाशे ग्रॅमने कमी, म्हणजे हे डी नेच केलं ना? जाऊबाईंनाही सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी पुड्या मागवल्या. सासूबाईंना पंधरा वर्षांपासून साखर आहे, त्या म्हणाल्या, "मग माझी ती सकाळची गोळी बंद करू का गं? मलाही तीच पुडी दे."

त्या क्षणी मला भीती वाटली. मी बोललेलं घरात कुठवर पोचू शकतं, ते समोर दिसलं. सासूबाईंना हात धरून सांगितलं की गोळी बंद करायची नाही, आधी मॅडमना विचारते.

१० जूनला मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "एचबीएवनसी सोडा. ग्लुकोजचे आकडे वाचा." फेब्रुवारीत १०६ आणि १६२. जूनमध्ये १०४ आणि १५८. जवळजवळ जागच्या जागी. साखर खरोखर उतरली असती तर हेही आकडे उतरले असते. एचबीएवनसी खाली आली ती बहुतेक लोह भरून आल्यामुळे. फुगलेला आकडा खऱ्या जागी आला होता. आणि ५.९ म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच होते.

मला रडू आलं. चार महिने मी ज्या गोष्टीवर विसंबून होते तिने साखरेचं काही केलंच नव्हतं. मॅडमनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "डी ने त्याचं काम केलं. तुमचे पाय बघा. आता राहिलेलं काम तुमच्याकडे आहे." चेन्नईच्या डॉक्टरांनी उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं त्यांनी सांगितलं. तीन वर्षांत काहीच न केलेल्या लोकांपैकी शंभरात पंचावन्न मधुमेहाकडे गेले, खाणं-चालणं सुधारलेल्यांपैकी एकोणचाळीस. हा फरक माझ्या मनात रुतून बसला. शंभरातली ही सोळा माणसं, त्यांची सोळा घरं.

सासूबाईंचं उत्तरही मिळालं. हे सगळे अभ्यास मधुमेह होऊ नये म्हणून केलेले. ज्यांना झालाय त्यांनी डी कमी असेल तर डी घ्यावं, साखरेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. जाऊबाईंना फोन करून आधी तपासणी करायला लावली. त्यांचं डी २७ निघालं. मागवलेल्या पुड्या तशाच राहिल्या.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या अंतःस्राव तज्ज्ञांच्या संघटनेची नवी शिफारस आली, ती लेकीने वाचून दाखवली. उंबरठ्यावरच्या, मधुमेहाचा धोका जास्त असलेल्या लोकांनी खाण्या-चालण्याच्या जोडीला डी घ्यायला हरकत नाही, असा तिचा सूर आहे. त्यामागे तीन अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये काढलेला हिशेब आहे. डी घेणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी दिसलं, म्हणजे तीन वर्षांत शंभरातली तीनेक माणसं. "जोडीला" हा शब्द मी लेकीला दोनदा वाचायला लावला.

२ जुलैपासून चालायला लागले. पहाटे साडेपाचला विजापूर रोडचा कंबर तलाव. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत दम लागला. तिथे रोज येणाऱ्या दोन काकू होत्या, त्यांनी ओळखपाळख नसताना सोबत घेतलं. तिसऱ्या आठवड्यात मी न आल्यावर त्यांचा फोन आला, "बरं आहे ना गं?" त्यानंतर दांडी मारणं जड जाऊ लागलं. रात्री जेवणानंतर गल्लीतच पंधरा मिनिटं, नवऱ्यासोबत. या पंधरा मिनिटांनी जेवणानंतरची साखर खरंच कमी दिसते. घरच्या मशीनवर मी आठ दिवस मोजून पाहिलं.

खाण्यात फार उलथापालथ केली नाही. चार कप गोड चहाचे दोन बिनसाखरेचे झाले. हे सर्वांत अवघड गेलं, काउंटरवर दुपारी चारला हात आपोआप कपाकडे जायचा. रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक, त्याबरोबर वाटीभर मटकी किंवा डाळ, आधी काकडी-टोमॅटो. भात रविवारी. पाव-बिस्किटं घरात आणणं बंद. दिवाळीत करंज्या खाल्ल्या, मोजून दोन.

१४ डिसेंबरला तिसरी फेरी, १,९५० रुपये. वजन ७१.४ वरून ६६.२. हिमोग्लोबिन १२.६. डी ३१, महिन्याच्या एका पुडीवर टिकलेलं. ग्लुकोजच्या तपासणीत उपाशीपोटी ९५, दोन तासांनी १२९. एचबीएवनसी ५.६. या वेळी मी कुणाला फोन केला नाही. आईच्या फोटोसमोर बसले थोडा वेळ.

वर्षभराचा खर्च १२ हजारांच्या आसपास झाला. पुड्यांचे त्यात ५०० रुपयेच, बाकी तपासण्या आणि फी. मेडिक्लेममध्ये यातलं काही मिळालं नाही, दाखल झाल्याशिवाय माझी पॉलिसी पैसे देत नाही. पण त्या वर्षी आयकराच्या जुन्या प्रणालीत असणाऱ्यांना ८०डी कलमाखाली प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजावटीत धरता येत होते, रोख दिले असले तरीही. पावती मात्र नावाची आणि तारखेची घ्या. मला फेब्रुवारीची पावती पुन्हा मागायला दोन हेलपाटे पडले.

मेडिक्लेमची रक्कम वाढवायचा अर्ज याच वर्षात भरला. एजंट म्हणाला, "वहिनी, साखरेचं लिहू नका, मधुमेह थोडाच आहे?" मी लिहिलं. सगळे रिपोर्ट जोडले. १९ दिवस उत्तर नव्हतं, मग आणखी एकदा रक्त मागितलं, मग मंजूर झालं. आधीपासूनच्या आजारासाठी विम्याचे पैसे मिळायला आता जास्तीत जास्त तीन वर्षं वाट बघावी लागते, पूर्वी चार होती. लपवून दवाखान्याच्या दारात दावा नाकारला जाण्यापेक्षा ही तीन वर्षं परवडली.

परवा धाकट्या बहिणीने पंढरपूरहून तिचा रिपोर्ट पाठवला. एचबीएवनसी ६.१, डी ११. खाली लिहिलं होतं, "ताई, तुझ्या त्या पुडीचं नाव सांग, सुरू करते." मी तिला फोन लावला आणि आधी विचारलं, "हिमोग्लोबिन किती आहे?" तिने पानं उलटली. १३.१ होतं.

"मग शनिवारी डॉक्टरांकडे जा. पुडी ते देतील," मी म्हटलं. "आणि बूट आहेत का तुझ्याकडे चालायचे?"